कॅमेऱ्याची लेन्स अर्ध्यात अडकलीय, घरी काही करता येईल का?

माडाखालची
नमस्कार मंडळी. घरात एक जुना खिशात मावेल असा डिजिटल कॅमेरा आहे, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. बरीच वर्षं कपाटात पडून होता, पण आता लेकीच्या कॉलेजात सगळ्या पोरींना असलेच जुने कॅमेरे हवे झालेत (फ्लॅश मारल्यावर चेहरा जो पांढराफटक येतो तो म्हणे मोबाईलला जमत नाही), तर तिने तो शोधून काढला आणि मैत्रिणींबरोबर देवबागच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. परत आला तो लेन्स अर्धी बाहेर अशा अवस्थेत. चालू केला की आतून आवाज येतो, लेन्स जागच्या जागी थरथरते, मग टूं टूं टूं, लेन्स एरर, आणि बंद. पडला नाही, पाण्यात गेला नाही असं ती शपथेवर सांगतेय. गावातल्या दुकानदाराने हातात घेऊन बघितला आणि पार्ट मिळत नाही, शोकेसमध्ये ठेवा म्हणाला. फोटोंची चिंता नाही, कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं, सगळे आहेत. पण कॅमेरा इतका चांगला होता की असाच टाकवत नाही. घरच्या घरी कोणी असं काही दुरुस्त केलंय का?

बिनधास्त_बापू
शोकेस बरी आहे की. शेजारी तो फिल्मचा कॅमेरा असेलच, त्याला सोबत होईल :)

अर्धवट_इंजिनीयर
बापू, गप्प बसा हो जरा.
ताई, आधी तीन गोष्टी सांगा. १) सेल कुठले घातलेत? २) आवाज कसा येतो, नुसता मोटर फिरल्यासारखा गुंईं की काहीतरी घासल्यासारखा करकर? ३) लेन्स समोरून बघितली तर सरळ आहे की एका बाजूला कललीय? या तिन्हीवर सगळं अवलंबून आहे.

माडाखालची
सेल किराणा दुकानातले, आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला घालतो तेच. नवे आहेत पण, पाकिटातून काढलेले. आवाज करकर असाच म्हणायला हवा. लेन्स सरळ वाटते.

पेचकस
मी पुण्यात बरीच वर्षं हेच काम केलं, आता दुकान बंद करून घरी बसलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिलं म्हणजे ते घड्याळाचे सेल काढा. नवे असले तरी काढा. ते झिंक कार्बनचे असतात. घड्याळाला सरासरी एक मिलिअँपिअरही लागत नाही म्हणून त्याला वर्षभर पुरतात, पण कॅमेरा चालू होताना मोटर, स्क्रीन आणि प्रोसेसर हे सगळे एकदम करंट मागतात, घड्याळाच्या हजारो पट, आणि तेवढा करंट ओढला की या सेलचं व्होल्टेज धपकन खाली येतं. मल्टीमीटर लावून बघाल तर दीड व्होल्ट दाखवेल आणि तुम्ही म्हणाल सेल तर फुल्ल आहे. तो नुसता बसलेला असताना फुल्ल आहे हो, कामाला लावला की बसतो! माझ्याकडे लेन्स अडकली म्हणून येणाऱ्या पेन्सिल सेलवाल्या कॅमेऱ्यांत बरेचसे निव्वळ सेल बदलून चालू व्हायचे, गिऱ्हाईकाला पटायचंच नाही. अल्कलाइन घ्या, किंवा उत्तम म्हणजे रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड. त्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून लोक बिचकतात, पण लोड आला तरी ते तिथेच टिकून राहतात. सेल बसतात तिथले स्प्रिंग आणि पत्रे पण बघा, समुद्राकाठी त्यावर हिरवट पांढरं काहीतरी चढतं, ते खोडरबराने घासून साफ करायचं.

आता लेन्स का अडकते ते. आत एकात एक बसलेल्या नळ्या असतात, बहुतेक कॅमेऱ्यांत तीनच्या आसपास. नळीच्या आतून पिळदार खाचा आणि त्या खाचांत बसणाऱ्या बारीक खुंट्या. बाजूला करंगळीच्या पेराहून छोटी मोटर, तिच्यापुढे गिअरची रांग, ती बाहेरची नळी फिरवते आणि खाचांमुळे आतल्या नळ्या पुढे सरकतात. लेन्स किती बाहेर आली हे कॅमेऱ्याला कळायला एक छोटा एलईडी आणि समोर सेन्सर असतो, त्यांच्यामधून गिअरवरची पाती फिरतात आणि कॅमेरा ते पल्स मोजतो. ठरलेल्या वेळात पल्स आले नाहीत किंवा लेन्स मूळ जागी पोचली नाही की तो समजतो कुठेतरी अडलंय, मोटर जळायला नको म्हणून हात वर करतो. तुमची एरर म्हणजे एवढंच. जुन्या कॅननमध्ये ई१८ यायचं, नंतर लेन्स एरर रिस्टार्ट कॅमेरा, पॅनासॉनिकला सिस्टिम एरर झूम, सोनीत सी:३२ किंवा ई:६१ वगैरे. भाषा वेगळी, रड तीच.

आणि ताई, देवबाग म्हणजे वाळू. पडला नाही हे लेक खरंच सांगत असेल, पण पिशवीत टॉवेल, चपला आणि कॅमेरा एकत्र आला असणार. वाळूचा एक कण त्या दोन नळ्यांच्या फटीत बसायला पुरतो.

निळी_शाई
वाचनखूण साठवली. पेचकसकाका, तुम्ही वेगळा धागा काढा हो यावर.

जर्सीकर
इथे एक जुना उपाय फिरत असतो, कॅमेऱ्याला एव्ही केबल (टीव्हीला जोडायची असते ती) लावून चालू करायचा, म्हणजे मागची स्क्रीन बंद राहते आणि वाचलेली पॉवर मोटरला मिळते. माझ्या एका मित्राचा झालाय चालू.

अर्धवट_इंजिनीयर
तर्क बरोबर आहे पण सेल चांगले असतील तर फरक पडायला नको. सेल दमलेले असतील तरच ती वाचलेली पॉवर कामाला येणार. म्हणजे फिरून गाडी सेलवरच आली ना?

जर्सीकर
करून बघायला काय जातंय. फुकट आहे, काही तुटत नाही.

अर्धवट_इंजिनीयर
ते आहेच. फक्त वीस वेळा चालू बंद चालू बंद करू नका. दर वेळी मोटर त्या अडकलेल्या गिअरवर जोर लावते आणि गिअर प्लॅस्टिकचे असतात.

बिनधास्त_बापू
आमच्याकडे शिलाई मशीनचं तेल सगळ्याला चालतं. दाराची कडी, पंखा, सायकल. दोन थेंब फटीत सोडा, सळसळून बाहेर येईल. नाहीतर डब्ल्यूडी ४० मारा.

पेचकस
बापू, तुम्ही चेष्टा करताय असं समजतो पण कोणीतरी वाचून खरंच करेल म्हणून लिहितो. तेल अजिबात नाही. खोबरेल नाही, मशीनचं नाही, स्प्रे तर नाहीच नाही. तेल फटीतून चढत चढत आतल्या काचांवर आणि शटरच्या पात्यांवर जातं. ती पाती कागदापेक्षा पातळ, तेल लागलं की एकमेकांना चिकटली, मग लेन्स बाहेर येईल पण फोटो काळा नाहीतर पांढराफटक. शिवाय वाळू तेलात बसली म्हणजे घासायची पेस्टच तयार झाली की! असा तेल पाजलेला कॅमेरा टेबलावर आला की मी हात जोडायचो.

बिनधास्त_बापू
तेलाचे शब्द मागे घेतो. कडी पंखा कायम.

माडाखालची
काका, अल्कलाइन आणून घातले. थोडा फरक आहे, म्हणजे लेन्स आधीपेक्षा थोडी पुढे येते, मग परत आत जायला बघते आणि तिथेच करकर करून थांबते. सेल बसतात तिथे खरंच हिरवं होतं, काढलं. आता?

पेचकस
म्हणजे मोटर जिवंत आहे, गिअरही बहुतेक शाबूत आहेत. मोटर फिरते पण नळी ढिम्म हलत नाही असं असतं तर गिअरचा दात तुटला म्हणायचं, आणि काहीच आवाज नसता तर फ्लेक्स पट्टी (आत वायरीऐवजी असते ती पातळ लवचिक पट्टी) किंवा मोटर गेली म्हणायचं. तुमचं प्रकरण वाळूचंच दिसतंय.

असं करा. सेल काढा. कॅमेरा लेन्स खाली करून धरा, कायम खालीच, म्हणजे जे सुटेल ते बाहेर पडेल, आत जाणार नाही. लेन्स साफ करायचा रबरी ब्लोअर मिळतो तो घ्या आणि नळ्यांच्या फटीत चहूबाजूंनी हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. आणि कृपा करून टायरवाल्याकडे नेऊ नका, त्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं, वर दाब इतका की वाळू सरळ सेन्सरपर्यंत पोचवेल. हवेचे डबे मिळतात ते चालतात, पण डबा उलटा धरला की आतला द्रव बर्फासारखा बाहेर येतो आणि तुम्ही कॅमेरा उलटा धरलाय म्हणून डबाही उलटा कराल, तेवढं सांभाळा.

मग झेरॉक्सचा साधा कागद, जाडी अंदाजे ०.१ मिलिमीटर, त्याची बोटभर लांब अरुंद पट्टी कापा आणि नळी आणि नळीच्या मधल्या फटीत हलक्या हाताने सरकवून गोल फिरवा. खोल घुसवायची नाही, आत धुळीसाठी मखमलीसारखी किंवा रबराची बारीक रिंग असते, ती उचकटली तर नवा त्रास. जिथे कागद अडतो तिथे पेन्सिलने खूण करा, वाळू बहुतेक तिथेच. त्या जागी पुन्हा हवा. कागद मऊ पडला की नवी पट्टी. सुई, टाचणी, दाढीचं ब्लेड यातलं काही नको. मग कॅमेऱ्याच्या कडेने तळहातावर टपटप, कॅरमची सोंगटी मारतो त्याहून हळू. आणि मगच सेल घालून, लेन्स खाली ठेवून, एकदाच चालू करा.

सांजवात
माझा प्रश्न थोडा अवांतर आहे पण याच जातीचा. गणपतीत रत्नागिरीला पावसात कॅमेरा भिजला, तांदळाच्या डब्यात ठेवला होता, आता लेन्स बाहेर येते पण आत जात नाही. तांदळात अजून ठेवू का?

अर्धवट_इंजिनीयर
तांदूळ बाहेर काढा आणि भात करा. तांदूळ काही फारसं शोषत नाही, उलट त्याची पिठूळ धूळ लेन्सच्या फटीत जाते. सेल आणि कार्ड काढून, सगळी झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली ठेवायचा, किंवा डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. पावसाचं पाणी त्यातल्या त्यात बरं. समुद्राचं असेल तर वाळल्यावर मीठ राहतं आणि ते हवेतला ओलावा ओढत राहतं, तो कॅमेरा आतून खातच जातो. तिथे उघडून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने बोर्ड साफ करण्याला पर्याय नाही.

पेचकस
सहमत. आणि कोकणातल्या हवेत सुकलेला कॅमेरासुद्धा बंद डब्यात सिलिका जेल टाकूनच ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते. रंगीत जेल असेल तर ओलं झालं की रंग बदलतो, गरम करून परत वापरता येतं.

जर्सीकर
ताई, कागदाने नाही झालं तर इथले लोक शेवटी एक करतात, कॅमेरा चालू करायचा आणि मोटर फिरत असतानाच लेन्स हाताने हलकी ओढायची किंवा पिळायची. कट्ट आवाज आला की बसली.

पेचकस
हे मी कधी सांगत नाही कारण लोकांना फक्त "हाताने ओढा" एवढंच लक्षात राहतं. ते काम करतं एकाच परिस्थितीत. कॅमेरा लेन्स बाहेर असताना पडला, एक खुंटी खाचेतून निसटली आणि नळी तिरकी झाली तर. समोरून बघितलं की दिसतं, एका बाजूची फट मोठी, दुसरीकडे बंद. तिथे उचललेल्या बाजूवर अंगठ्याने सरळ आत दाबलं तर खुंटी कट्टकन खाचेत बसते, कधी कधी. पण वाळू अडकलेली असताना पिळलं तर खुंटी मोडली म्हणून समजा, आणि मोडलेली खुंटी घरी बसवता येत नाही. ताईंची लेन्स सरळ आहे. त्यांनी हे करू नये. ज्याचा कॅमेरा एरवी भंगारातच जाणार आहे त्याने खुशाल करावं.

माडाखालची
कागद घातला. एका जागी अडत होता, तिथे हवा मारल्यावर पांढऱ्या कागदावर खरंच तीन चार कण पडले! लेक खजील. चालू केला तर लेन्स पूर्ण बाहेर आली, फोटो निघाला, बंद करताना मात्र परत शेवटी थोडी राहिली, लेन्स झाकणारी पुढची पाती मिटली नाहीत. आमच्या ह्यांना आता हुरूप आलाय, ते म्हणतात स्क्रू चारच आहेत, उघडूया.

पेचकस
थांबवा त्यांना! उघडायला ना नाही, पण आधी हे वाचून दाखवा, चष्मा लावून त्यांनाच वाचू दे हवं तर.

फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो, पेनाच्या टोपणाएवढा काळा सिलिंडर. कॅमेरा दोन सेलचा, तीन व्होल्टचा असला तरी त्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो. १०० मायक्रोफॅरड धरला तर साठवलेली ऊर्जा साडेचार ज्यूल. सेल काढून ठेवले तरी तो चार्ज कितीतरी वेळ टिकतो, काहींमध्ये दिवसेंदिवस. हात लागला की असा झटका बसतो की कॅमेरा भिंतीवर आणि कोपर टेबलाच्या कोपऱ्यावर. हृदयाचा त्रास असलेल्याने, पेसमेकरवाल्याने तर उघडूच नये.

त्याचे पाय बहुतेक वेळा फ्लॅशच्या मागे किंवा तळाच्या बोर्डावर उघडेच असतात. चार्ज काढायला स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायचं नाही, ठिणगी उडते, बोर्ड जातो. १ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर किंवा जुना फिलामेंटचा पिवळा बल्ब, १५ ते ४० वॅटचा, होल्डरला दोन इन्सुलेटेड वायरी जोडून त्या दोन पायांना काही सेकंद लावायच्या, एक हात पाठीमागे ठेवून. एलईडी बल्ब चालत नाही. मग मल्टीमीटर डीसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवून बघायचं, पाच व्होल्टच्या खाली आलं की काम सुरू. मल्टीमीटर नसेल तर उघडायचं नाही, एवढं सरळ आहे.

निळी_शाई
बापरे. हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं, मी लहानपणी असा एक उघडून बसलो होतो.

पेचकस
नशीब. पुढचं सांगतो. स्क्रू चार दिसतात, असतात जास्त, झाकणाआड, सेलच्या दारात, कधी पट्टा अडकवायच्या कडीशेजारी. लांबी वेगवेगळी. एका कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढून दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर जिथला स्क्रू तिथे चिकटवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतून काहीतरी दाबतो आणि मग दुसरंच दुखणं सुरू. स्क्रू ड्रायव्हर बरोबर मापाचा हवा, चौफुली टोकाचा, पीएच००० किंवा पीएच००, मोबाईलवाल्याकडे संच मिळतो. फ्लेक्स पट्ट्या ओढून काढायच्या नाहीत, कनेक्टरवर नखाने उचलायची इवलीशी खिट्टी असते, ती उचलली की पट्टी आपोआप सैल होते. प्रत्येक पायरीला मोबाईलने फोटो.

आणि लेन्सच्या पाठीमागे सेन्सर तीन स्क्रूंवर बसवलेला असतो, त्यावर रंगाचा किंवा गोंदाचा थेंब दिसेल. त्या तीन स्क्रूंना हात लावायचा नाही. फॅक्टरीत ते लेन्सच्या समोर अगदी सरळ बसवून सील केलेले असतात. जरा फिरले की फोटोची एक बाजू स्पष्ट, दुसरी पुसट, आणि घरी ते परत जुळत नाही. तुमचं काम तिथपर्यंत जायचं नाहीच, बाजूच्या गिअरबॉक्सचं झाकण काढून कोरड्या मऊ ब्रशने दात साफ करायचे, मोटरच्या दांड्यावरचा वर्म गिअर (स्क्रूसारखा पिळाचा) चिमट्याने हळू फिरवून नळी आत बाहेर जाते का बघायचं. हाताने फिरवताना जिथे जड लागेल तिथे अजून कण आहे.

जर्सीकर
नळीच तुटली असेल तर तुमचा दुकानदार म्हणाला तसं पार्ट मिळत नाही, पण त्याच मॉडेलचा फुटक्या स्क्रीनचा कॅमेरा ऑनलाइन पार्टसाठी म्हणून विकायला असतो. त्याची अख्खी लेन्स उचलून यात बसवायची. विचारून घ्या मात्र, त्याची लेन्स चालतेय ना, कारण विकणाऱ्यांपैकी अर्ध्यांची लेन्सच अडकलेली असते :D

अर्धवट_इंजिनीयर
मुंबईत लॅमिंग्टन रोड, फोर्टातला बोराबाजार, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास फिरलात तर असले भंगार कॅमेरे निघतात अजून.

माडाखालची
ह्यांनी वाचलं, मल्टीमीटर आणायला गेले आणि हात हलवत परत आले, म्हणून तूर्त उघडणं रद्द :) पण मी पुन्हा एकदा लेन्स पूर्ण बाहेर असताना सेल काढून सगळ्या नळ्यांना कागद फिरवला (बाहेर असताना फटी चांगल्या दिसतात हे आधी सुचलं नव्हतं), अजून वाळू निघाली. आता आत बाहेर नीट होतेय. फुल्ल झूम केलं की एका जागी जराशी अडखळते, मग पुढे जाते. पुढची पाती एका बाजूची थोडी उघडी राहते ती बोटाने लोटते.

पेचकस
उत्तम. ती पाती चिकट झाली असतील, कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपाइल अगदी किंचित लावून पुसा, काडी ओली नको. झूमचं अडखळणं तसंच राहू दे, फुल्ल झूम टाळायचा. आणि ती पाती उघडी आहेत म्हणून रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकू नका, झाकण घट्ट असलेली छोटी पाऊच घ्या. बटण पर्समध्ये दाबलं जाऊन लेन्स आतल्या आत बाहेर यायला बघते आणि अडते, वाळूनंतर दुसरं कारण हेच.

राजेहो_नागपूरकर
धागा वरून खाली वाचला, मस्त आहे. म्या पण जुना डिजीकॅम घेऊन राहिलो, सेकंडहँड, इथलाच एक पोरगा विकून राहिला. घेताना लेन्सचं काय पाहू? तो म्हणते चालू आहे.

पेचकस
फोनवरच्या "चालू आहे"वर जाऊ नका, स्वतः भेटून बघा. आपले चांगले चार्ज केलेले सेल किंवा बॅटरी न्या. शांत जागी कानाजवळ धरून चालू बंद करा, सलग दहा वेळा तरी, आवाज दर वेळी एकसारखा हवा. झूम पूर्ण आत, पूर्ण बाहेर, मध्ये कुठे आवाज बदलतो का. बाहेर आलेली लेन्स दोन बोटांत धरून अगदी हलकेच हलवा, थोडी हलणं ठीक आहे, खडखड नको. समोरच्या कडेवर पोचा दिसला तर पडलेला आहे. मग भिंतीवरच्या वर्तमानपत्राचा सरळ समोरून फोटो काढा आणि मोठा करून चारही कोपरे बघा, एक कोपरा पुसट असेल तर बहुतेक कोणीतरी आधी उघडलाय किंवा तो पडलाय. एक फोटो उजेडाकडे आणि एक अंधारात फ्लॅश मारून. फोटोत जांभळ्या रेघा आल्या तर सोडून द्या, तो लेन्सचा नाही, सेन्सरचा आजार आहे, २००५ च्या आधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत होता.

राजेहो_नागपूरकर
मंजे वर्तमानपत्र घेऊन जावं लागन. रविवारी जातो, अन् इथंच सांगतो काय निघालं ते.